जास्वंदीचा रस पाण्यात उतरतो, तेलात नाही : पावसाळ्यापासूनच्या नोंदी

केसांसाठी जास्वंद वापरणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये दोन तट दिसतात. एक तट फुले खोबरेल तेलात कढवून ते तेल वर्षभर लावणाऱ्यांचा, आणि दुसरा न्हाण्याच्या दिवशी पाने-फुले पाण्यात कुस्करून ताजा रस लावणाऱ्यांचा. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून मी नाशिकला, आमच्या गच्चीतल्या झाडांची पाने-फुले घेऊन, या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहत आहे आणि माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे : जास्वंदीमुळे केस मऊ होतात, गुंता सुटतो, विंचरताना केस कमी तुटतात, हा अनुभव खरा आहे, पण तो देणारा बुळबुळीत रस पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. ज्यांना या मताचा पडताळा घ्यायचा असेल त्यांना घेता यावा म्हणून पुढील नोंदी सविस्तर लिहीत आहे.

जून-जुलै : पाने आणि फुले

गच्चीत तीन प्रकारची झाडे आहेत : गावठी लाल एकेरी, डबल पाकळ्यांची गुलाबी आणि रोपवाटिकेतून आणलेली मोठ्या फुलाची पिवळी हायब्रीड. केसांच्या कामासाठी माझी पसंती निर्विवादपणे गावठी लाल जास्वंदीला आहे. तिची पाने पातळ आणि रसाळ असतात, पावसाळ्यात ती भराभर फुटतात आणि चार पाने तोडल्याने झाडाचे काही बिघडत नाही. हायब्रीडची पाने जाड व चकचकीत असून ती कुस्करायला जड जातात, शिवाय माझ्या हाती त्यांचा रस कमीच आला. कुंपणाला लावतात ती न उमलणारी मिरची जास्वंद याच कुळातली असली तरी तिची जात वेगळी आहे, म्हणून ती मी या प्रयोगात घेतलेली नाही.

जास्वंद भेंडीच्या कुळातली आहे. कापूस आणि अंबाडीही त्याच कुळातल्या. भेंडी चिरताना जे हाताला लागते तेच द्रव्य जास्वंदीच्या पानात आणि पाकळीत असते. रासायनिक दृष्ट्या त्या लांब साखळीच्या शर्करा आहेत. त्या पाणी धरून फुगतात आणि केसावर पातळ, निसरडा थर देतात. या थरामुळे केसाचे केसाशी घर्षण कमी होते, गुंता सैल पडतो आणि फणी ओढावी लागत नाही. केस ‘गळतात’ म्हणून आपण जी तक्रार करतो, त्यातले पुष्कळ केस मुळापासून गळालेले नसून मध्येच तुटलेले असतात, हे फणीतले केस निरखून पाहिल्यास सहज कळते : गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला ती नसते. जास्वंदीचा उपयोग मुख्यतः या तुटणाऱ्या केसांसाठी आहे.

आता कृती. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी वीस-पंचवीस कोवळी पाने आणि सात-आठ फुले पुरतात. फुलाचा हिरवा देठ आणि मधला परागकणांचा दांडा काढून टाकावा, कारण पिवळे परागकण केसांत अडकून बसतात आणि काही जणांना त्यांची खाज सुटते. पाने धुऊन, फाडून, दीड कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावीत आणि मग हातानेच कुस्करावीत. मिक्सर मी मुद्दाम टाळते, कारण त्यात पानांचा इतका बारीक चोथा होतो की तो गाळला जात नाही आणि नंतर दोन दिवस केसांतून हिरवे कण निघत राहतात. हाताने कुस्करताना सुरुवातीला पाणी नुसते हिरवट दिसते. तीन-चार मिनिटांनी ते जड होऊ लागते आणि मूठ उघडली की बोटांमधून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार लोंबू लागते. ही तार सुटली की रस तयार झाला असे समजावे. तो जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून किंवा मलमलीतून पिळून घ्यावा. बारीक गाळणीतून तो लवकर खाली उतरत नाही, कापडातूनच उतरतो.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. लोखंडी कढईत फुलांचा रस काळपट पडतो. केस काळे करण्यासाठी काही जण मुद्दाम लोखंड वापरतात, परंतु तो काळेपणा रसाचा असतो आणि धुताना निघून जातो. पांढऱ्या केसांना जास्वंदीने टिकाऊ रंग येत नाही, हे येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. मेंदीतले रंगद्रव्य केसातील केराटिनला धरून राहते. जास्वंदीच्या पाकळीतले लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे अँथोसायनिन आहे आणि ते पाण्याबरोबरच निघून जाते.

रंगाची परीक्षा

याच रंगद्रव्याचा एक वेगळा उपयोग मात्र मला फार आवडला. नुसत्या पाकळ्यांचा गाळलेला अर्क तीन काचेच्या वाट्यांत घेऊन एकीत लिंबाचे चार थेंब आणि दुसरीत चिमूटभर खायचा सोडा घातला, तर पहिली वाटी लखलखीत गुलाबी-लाल होते आणि दुसरी हिरवट पडते. म्हणजे आम्ल आणि अल्क ओळखणारा दर्शक घरच्या घरीच मिळतो. आंघोळीच्या साध्या साबणाचे पाणी त्यात घातले की अर्क हिरवा होतो, आणि शिकेकाईचा काढा घातला की तो लालसर राहतो. हे केसांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : टाळूच्या त्वचेचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५.५ असतो आणि वडीच्या साबणाचा ९ ते १०. अल्कधर्मी पाण्यात केसाचा बाहेरचा खवल्यांचा थर उघडतो, केस फुगतात आणि एकमेकांत अडकतात. ज्यांनी जास्वंदीचा रस लावून नंतर साबणाने डोके धुतले आणि ‘काही फरक पडला नाही’ असे ठरवले, त्यांनी एकदा ही परीक्षा करून पाहावी, त्यांना कारण डोळ्यांनी दिसेल.

पाण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. नाशिकला नळाला येणारे गंगापूर धरणाचे पाणी केसांना मानवते. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळले जाते तेव्हा तेच केस खरखरीत होतात. आपला भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन जो राखाडी साका बनतो, तो केसांवर बसतो. जड पाणी असेल तर रस लावण्याआधी डोके साबणाऐवजी शिकेकाई-रिठ्याने धुवावे.

श्रावण : तेलाची बाजू

तेलाचा पक्ष आमच्या घरात सासूबाई मांडतात आणि त्या मनापासून मांडतात. ‘तेल घातल्याशिवाय केस कधी कुणाचे वाढलेत गं?’ असे त्यांनी विचारल्यावर मी त्यांना एवढेच सांगितले, ‘आई, तेल आपण सोडणार नाहीच. त्यात फुले घातल्याने काही वेगळे होते का, तेवढेच पाहते आहे.’ त्यांनीच मग तेल कढवून दिले : मंद आचेवर, पाकळ्यांचा चुरचुर आवाज थांबेपर्यंत, म्हणजे त्यातले सगळे पाणी उडेपर्यंत. पाणी राहिले तर तेल खवट होते किंवा त्यावर बुरशी येते, म्हणून हा आवाज ऐकणे ही त्यांची जुनी आणि अचूक खूण आहे.

फुले घातलेले आणि न घातलेले खोबरेल तेल आम्ही दोघींनी आळीपाळीने वापरले. मला दोहोंत फरक जाणवला नाही, आणि त्यांनीही ‘वास तेवढा वेगळा’ असे प्रामाणिकपणे सांगितले. कारण उघड आहे. लाल रंगद्रव्य तेलात विरघळत नाही, म्हणून लालभडक फुले घालूनही तेल तपकिरी-हिरवटच राहते. आणि बुळबुळीत शर्कराही तेलात उतरत नाहीत, त्या करपलेल्या पाकळ्यांबरोबर गाळणीत राहतात. खोबरेल तेलाचा स्वतःचा गुण मात्र पक्का आहे. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली असता, धुताना केसातून होणारी प्रथिनांची झीज एकट्या खोबरेल तेलाने लक्षणीय कमी केली. त्यामुळे न्हाण्याआधी तेल जरूर लावावे, पण त्याचे श्रेय फुलांना देऊ नये.

त्याच वर्षीचा जास्वंदीवरचा एक अभ्यास आपल्याकडे वारंवार सांगितला जातो आणि त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. त्यात जास्वंदीच्या पानांचा आणि फुलांचा अर्क प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवर तपासला होता आणि केसांच्या वाढीसाठी फुलांपेक्षा पानांचा अर्क अधिक परिणामकारक ठरला. पण तो अर्क पेट्रोलियम ईथर या द्रावकात काढलेला होता. म्हणजे त्यात स्निग्ध पदार्थांत विरघळणारी द्रव्ये आली, बुळबुळीत रस आला नाही, आणि तशी तीव्रता कढईतल्या तेलाला येते असे कोणी दाखवलेले नाही. उंदरावरून माणसाविषयी निष्कर्ष काढणेही घाईचे ठरते. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि जास्वंदीने माझा तो वेग बदललेला नाही. केस लांब दिसू लागले आहेत ते टोके तुटायची थांबल्यामुळे.

भाद्रपद : अर्ध्या डोक्याची तुलना

सर्वांत खात्रीचा पुरावा मला असा मिळाला. न्हाण्याच्या दिवशी डोके एकाच वेळी धुऊन, मधोमध भांग पाडून, उजव्या बाजूला पानांचा गाळलेला रस लावायचा आणि डाव्या बाजूला नुसते पाणी. वीस मिनिटांनी दोन्ही बाजू सारख्याच धुवायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि मग रुंद दातांच्या शिसवी फणीने विंचरायचे. उजवीकडे फणी कानशिलापासून टोकापर्यंत न अडखळता जाते. डावीकडे ती मानेपाशी थांबते, गाठ बोटांनी सोडवावी लागते आणि त्या गाठीतले दोन-तीन केस तुटून हातात येतात. पुढच्या खेपेस बाजू बदलल्या आणि अनुभवही बाजू बदलून तसाच आला. नणंदेचे केस दाट कुरळे आहेत. तिच्याकडे हा फरक माझ्याहून ठळक दिसला. तिने तर रस पूर्ण न धुता थोडा केसांत राहू दिला आणि तिच्या कुरळ्या बटा दिवसभर सुट्या, आखीव राहिल्या. माझ्या सरळसर केसांना तसे केल्यावर मात्र ते चिपकू दिसले.

कोंड्याबद्दल अनेक जण विचारतात. मला जास्वंदीने कोंडा कमी झाल्याचे दिसले नाही. कोंड्यामागे मालासेझिया नावाची यीस्ट बुरशी असते आणि तिच्यासाठी औषधी शाम्पूच योग्य आहे. रस प्रथमच लावणाऱ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला तो लावून एक दिवस थांबावे. उरलेला रस फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवावा, त्यानंतर तो आंबतो.

गणेशोत्सवात जास्वंदीचे भाव चढतात आणि पंचवटीच्या बाजारातून आणलेली फुले डोक्याला लावावीत का, हा प्रश्न दरवर्षी येतो. माझे उत्तर नाही असे आहे. कोणत्या मळ्यात कोणती फवारणी झाली हे विकत घेतलेल्या फुलावरून कळत नाही. देवाला वाहिलेल्या फुलांवर हळद-कुंकू असते आणि हल्लीच्या कुंकवातला रंग टाळूला लागणे बरे नाही, म्हणून निर्माल्यही मी खतालाच देते.

आश्विनापासून आतापर्यंत : पिठ्या ढेकूण आणि थंडी

पाऊस ओसरताच शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसू लागला, पाने वळली आणि कळ्या गळू लागल्या. हा पिठ्या ढेकूण. द्राक्षबागायतदार ज्या गुलाबी पिठ्या ढेकणाने हैराण होतात, तोच कीटक जास्वंदीवरही जगतो, म्हणून द्राक्षांच्या या जिल्ह्यात जास्वंद लावणाऱ्याने त्याची वाट पाहूनच राहावे. केसांसाठी लावलेल्या झाडावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारता येत नाही, कारण ते पानाच्या रसातच उतरते. मी लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकले, उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि लिटरला पाच मिलिलिटर कडुनिंब तेल व थोडा द्रव साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने फवारणी केली. कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडावी. मुंग्या या कीटकांना राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

आता रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागले आहे. फुले रोडावली आहेत, नवी पाने जवळजवळ थांबली आहेत आणि खोबरेल तेल बाटलीत गोठले आहे. या दिवसांसाठी पावसाळ्यात सावलीत वाळवून दळलेली पानांची पूड काढली. ती गरम पाण्यात भिजवल्यावर रस सुटतो, पण तार लोंबत नाही आणि बारीक कण गाळूनही राहतात. ताज्या पानांच्या निम्माच गुण तिला द्यावासा वाटतो. रात्रभर भिजवलेल्या मेथीचे गाळलेले पाणी तिच्यात मिसळले की रसाला पुन्हा दाटपणा येतो, त्यामुळे फुटव्याचे दिवस येईपर्यंत हेच मिश्रण चालू ठेवत आहे.

छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी उतरल्यावर करणार आहे. गावठी लाल जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांद्या तेव्हा निघतील. नाशिकमधल्या ज्यांना त्या हव्या असतील त्यांनी आधी कळवावे, म्हणजे कापल्याच दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवता येतील. आणि ज्यांच्याकडे बोअरचेच पाणी आहे त्यांनी अर्ध्या डोक्याची तुलना त्या पाण्यात करून तिचा अनुभव लिहावा, कारण जड पाण्यात हा रस किती टिकतो याची नोंद माझ्याकडे एप्रिलशिवाय होणार नाही.