इतिवृत्त वाचून कायम

जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारी केंद्रप्रमुख म्हणून माझ्याकडे तेव्हा ११ शाळा होत्या आणि शेजारच्या केंद्राचे पद रिक्त असल्यामुळे आणखी ९ शाळांचा अतिरिक्त कार्यभार होता. मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यातील या वीस शाळांपैकी बहुतेक द्विशिक्षकी होत्या. ज्या शाळेविषयी मी लिहीत आहे तिचा पट १९ होता: पहिलीत ४, आणि दुसरी, तिसरी, चौथीत प्रत्येकी ५. मुख्याध्यापक गुरुजी तिसरी-चौथी एकत्र शिकवत आणि सहशिक्षिका पहिली-दुसरी.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याविषयी प्रस्ताव मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा असल्याचा आकडा वर्तमानपत्रांतून गावोगाव पोहोचला, आणि त्याबरोबर ‘आपली शाळा बंद होणार’ ही बातमीही पोहोचली. तालुक्याहून आमच्याकडे शाळानिहाय माहिती मागितली गेली: पट, शिक्षक, जवळच्या शाळेचे अंतर, रस्त्याची स्थिती. ही माहिती मी कार्यालयात बसून भरू शकले असते. परंतु या शाळेचे पालक अस्वस्थ असल्याचे गुरुजींनी फोनवर सांगितले, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची सभा ठेवायला मी सांगितले आणि स्वतः गेले.

मला सहा-सात जण अपेक्षित होते. वर्गात आणि व्हरांड्यात मिळून चाळीसहून अधिक माणसे बसली होती. टोळ्या निघायला अजून अवकाश होता, त्यामुळे ऊसतोडीला जाणारी घरेही गावात होती. समितीच्या अध्यक्षा पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचे दोन मुलगे याच शाळेत होते आणि त्या स्वतः दरवर्षी नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्याला जात. मी अंतर, ओढा, बस या गोष्टी बोलायला सुरुवात करणार तोच त्या उठल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, शाळा चालवायची का नाही हे आम्हाला विचारताय. मग आजवर आम्ही काय चालवलं, ते आधी वहीतून वाचून दाखवा.”

त्यांना अक्षरओळख होती, सही करता येत होती. सलग मजकूर वाचणे जमत नव्हते. गुरुजींनी कपाटातून इतिवृत्ताची वही काढून माझ्या हातात दिली. देताना ते क्षणभर थांबले होते, हे मला नंतर आठवले.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ प्रमाणे शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे आहेत. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. कागदावर पाहिले तर गावातील गरिबातल्या गरीब आईला शासनाच्या पैशाचा हिशेब विचारण्याचा इतका थेट अधिकार दुसऱ्या कोणत्या संस्थेत मिळत असेल असे मला वाटत नाही. प्रशिक्षणांतून हे मी अनेकदा सांगितले होते.

मी वाचू लागले. समिती स्थापन झाल्यापासूनच्या पंधरा महिन्यांत पंधरा सभा नोंदलेल्या होत्या. प्रत्येक सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा होता आणि प्रत्येक ठरावाचा शेवट ‘सर्वानुमते मंजूर’ असा होता. सूचक आणि अनुमोदक यांची नावे आळीपाळीने येत होती. तिसऱ्या-चौथ्या सभेपर्यंत लोक शांतपणे ऐकत होते. डिसेंबरची सभा मी वाचली, उपस्थितांची बारा नावे वाचली, आणि व्हरांड्यातून एक बाई म्हणाली, “मॅडम, त्या महिन्यात आम्ही कारखान्यावर होतो.” दुसरी म्हणाली, “मी पण.” बारांपैकी सात जण डिसेंबरमध्ये गावातच नव्हते. जानेवारीतही नव्हते, फेब्रुवारीतही नव्हते. त्यांच्या सह्या मात्र होत्या, कारण परत आल्यावर एकाच दिवशी पाच महिन्यांच्या जागा त्यांच्याकडून भरून घेतल्या गेल्या होत्या.

त्याच पानावर, खाली उजवीकडे, माझी सही होती. भेटीच्या दिवशी वही पाहून मी शेरा लिहिला होता: ‘इतिवृत्त पाहिले. समितीचे कामकाज समाधानकारक.’ तोही मी मोठ्याने वाचला. ते पान ओलांडून पुढे जाणे मला त्या वेळी शक्य झाले नाही.

गुरुजी स्वतःहून बोलले. अनुदानाचा एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नाही, असे म्हणून त्यांनी पावत्यांची फाइल पुढे ठेवली, आणि ते खरे होते. तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये मिळते. पट ३१ झाला की तेच २५,००० होते. त्या दहा हजारांत वीजबिल, खडू, हजेरीपट, स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि तुटलेला नळ एवढे त्यांनी बसवले होते. शेवटचे शंभर-दीडशे त्यांनी पदरचे घातल्याचे फाइलवरून दिसत होते. “तपासणीला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा सभांची संख्या मोजतो,” ते म्हणाले. “सभा झाली नाही असं लिहिलं, तर खुलासा मलाच द्यावा लागतो.” त्यांचे हे म्हणणे मी टाळू शकत नाही, कारण मोजणाऱ्यांत मी होते. मासिक सभा झाली का, होय किंवा नाही, या रकान्यात वीस शाळांच्या नावापुढे ‘होय’ लिहून तो तक्ता मी दरमहा तालुक्याला पाठवत होते.

अध्यक्षाबाईंनी त्यांना बोल लावला नाही. त्यांनी विचारले, “पोरांच्या अभ्यासाचं पण असंच लिहिलंय का?”

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हापासून तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत हे उद्दिष्ट प्रत्येक शाळेपुढे आहे. या शाळेच्या अध्ययन स्तराच्या तक्त्यात तिसरीच्या पाचपैकी पाच मुलांपुढे ‘उद्दिष्ट साध्य’ अशी नोंद होती. मुलांना सगळ्यांसमोर उभे करून वाचायला लावणे मला आवडत नाही; लहान मूल एवढ्या माणसांत बिचकते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष अन्यायाचा ठरू शकतो. म्हणून मी पाचही मुलांना शेजारच्या खोलीत एकेक करून बसवले, सोबत त्यांच्या घरचे एक माणूस, सहशिक्षिका आणि मी. उतारा पाठ्यपुस्तकाबाहेरचा होता.

दोन मुलांनी चांगले वाचले. दोघी मुली शब्द जोडत, अडखळत वाचत होत्या. त्या दोघींनी आदल्या वर्षी दिवाळीपासून एप्रिलपर्यंतचे महिने आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढले होते. सहशिक्षिका माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “स्थलांतर.” आमच्या भागात हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न थांबतात, आणि मीही थांबले असते.

पाचवा मुलगा त्याच्या आजीबरोबर आला. त्याला एकही ओळ वाचता आली नाही. तो काही अक्षरे ओळखत होता, काना-मात्रांपाशी अडत होता आणि चित्राकडे पाहून अंदाजाने वाक्य म्हणत होता. मी त्याची वही मागितली. वही पाहून मला वाटले की माझे काहीतरी चुकते आहे, इतके सुंदर, वळणदार अक्षर होते, फळ्यावरचा प्रत्येक शब्द बिनचूक उतरवलेला. तो शब्द चित्रासारखे काढत होता. एकत्र बसणाऱ्या दोन वर्गांत सामूहिक वाचनाच्या वेळी तो इतरांच्या अर्धा क्षण मागे राहून तेच म्हणत होता, वही दाखवताना सर्वांत पुढे होता, आणि त्रास कधी देत नव्हता. दोन वर्षे आणि चार महिने कोणाच्याही लक्षात आले नाही.

आजी म्हणाली, “बाई, ह्याचे आईबाप जातात, पण ह्याला मी ठेवून घेते. हा एक दिवस चुकला नाही.”

मी हजेरीपट मागवला. तो खरेच चुकला नव्हता. मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे आम्ही गेली कित्येक वर्षे ऊसतोडीचे कारण लिहीत आलो होतो, आणि ते कारण खोटे नाही. पण जो मुलगा रोज येऊन आमच्या समोर बसला त्याच्याबाबतीत लिहायला आमच्याकडे कारण नव्हते. त्याच्या नावापुढे ‘साध्य’ लिहिले नसते, तर पहिलीतच कोणीतरी त्याच्या शेजारी बसले असते. ही खूण त्याच्या शिक्षकांनी केली होती, तिची बेरीज मी केली होती, आणि माझ्या बेरजेची बेरीज पुढे तालुक्याच्या टक्केवारीत गेली होती.

सभा पुन्हा भरली तेव्हा खरा आकडा मी सांगितला: पाचपैकी दोन. त्यावर मोठा वाद झाला. एका पालकाचे म्हणणे असे, की हा आकडा अहवालात गेला तर शाळा बंद करायला तेच निमित्त होईल. आधी शाळा वाचू द्या, मग मुलांना वाचायला शिकवा. ते चुकीचे बोलत होते असे म्हणायला मी धजत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी असा नियम आहे, जवळची दुसरी शाळा चार किलोमीटरवर होती आणि मध्ये पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा होता. केवळ एवढ्यावर शाळेची बाजू भक्कम होती. शैक्षणिक स्थितीचा रकाना मागितलेल्या माहितीत नव्हताच. पण समितीचे मत जोडायचे, तर तिला जे माहीत झाले आहे ते वगळून कसे जोडायचे, हा प्रश्न होता. पाऊण तास बोलणे झाले. शेवटी हात वर करून मोजणी केली: आकडा लिहावा या बाजूने सात, नको म्हणणारे चार. पंधरा महिन्यांत त्या वहीत ‘बहुमताने’ हा शब्द पहिल्यांदा आला.

ठराव तिथल्या तिथे, बोलणाऱ्यांच्या शब्दांत लिहिले आणि सही घेण्यापूर्वी वाचून दाखवले. शाळा याच गावात राहावी, हा पहिला. तिसरीच्या तीन मुलांना रोज स्वतंत्र वेळ द्यावा आणि महिन्याच्या शेवटी त्यांचे वाचन घरच्या माणसाने ऐकावे, हा दुसरा. टोळ्या निघण्यापूर्वी मागे राहू शकणाऱ्या मुलांची यादी करून हंगामी वसतिगृहाची मागणी करावी, हा तिसरा. ही मागणी दरवर्षी उशिरा जायची आणि मंजुरी येईपर्यंत मुले निघून गेलेली असायची. पुढची समिती निवडताना मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना पालक म्हणून घ्यावे, ही सूचना त्या आजीनेच केली.

समूह शाळेच्या माहितीसोबत मी हे ठराव जोडले. त्या महिन्याच्या तक्त्यात सहा शाळांपुढे ‘नाही’ लिहिले. त्याबद्दल मला कार्यालयात बोलावून विचारणा झाली, आणि ती बराच वेळ चालली.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी त्या शाळेत पुन्हा गेले. गावातील अर्ध्याहून अधिक घरांना कुलपे होती. अध्यक्षाबाई गेल्या होत्या. त्यांचे दोन्ही मुलगे मागे, आजोळी राहिले होते आणि शाळेत हजर होते. तिसरीतला तो पाचवा मुलगा सहशिक्षिकेच्या टेबलाशेजारी बसून काना आणि वेलांटीचे शब्द वाचत होता, सावकाश, बोट ठेवून. त्याच्या अक्षराचे वळण थोडे बिघडले होते, कारण तो आता फळ्यावरून उतरवून न घेता ऐकून लिहीत होता.

मी इतिवृत्ताची वही मागितली. नोव्हेंबरच्या पानावर दिनांक होता, चार सह्या होत्या आणि गुरुजींच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब.’ मी ती वाचली आणि खाली सही केली.