आमची वाटचाल: पंचांच्या नेमणुकांचं सॉफ्टवेअर

कबड्डीच्या एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन साहाय्यक लागतात. म्हणजे सहा माणसं. एकाच दिवशी अनेक मैदानांवर सामने असले की ही माणसं जमवणाऱ्या नेमणूक प्रमुखाची रात्र फोनवर जाते. कोण कुठल्या संघाचा जुना प्रशिक्षक, कुणाची मुलगी कुठल्या संघातून खेळते, कुणाला संध्याकाळी उशिरा जमत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. आमची छोटी कंपनी त्याच्यासाठीच उभी राहिली. मी स्वतः व्हॉलीबॉलचा पंच, आणि माझे भागीदार प्रोग्रॅमर.

गणिताचा पाया तयारच होता. माणसं आणि कामं यांची कमीत कमी खर्चात जोडी लावण्याची ‘हंगेरियन’ पद्धत हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली. तिथून सुरुवात केली, पण मैदानावरचे प्रश्न त्याहून गुंतागुंतीचे असतात. कबड्डीत पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि पाच मिनिटांची विश्रांती असा चालतो, त्यामुळे तो कधी संपेल याचा अंदाज बांधता येतो. व्हॉलीबॉलचा पाच सेटचा सामना तीन सेटमध्येही आटोपतो आणि पाचव्या सेटपर्यंतही रंगतो. तिथल्या पंचाला लगेच दुसरा सामना देणं म्हणजे त्याला धावायला लावणं. म्हणून दोन नेमणुकांमध्ये किती मोकळा वेळ ठेवायचा, हे आम्ही खेळागणिक वेगळं ठरवलं.

नियमांचे आम्ही दोन गट केले. काही कधीच मोडायचे नाहीत, काही शक्यतो पाळायचे. हितसंबंध पहिल्या गटात. क्रिकेटमध्ये आयसीसीने १९९४ पासून प्रत्येक कसोटीला एक तटस्थ पंच दिला आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ केले. गल्लीतल्या स्पर्धेतल्या खेळाडूलाही तेवढीच खात्री मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे पंच स्वतःच आपली नाती आणि संघ नोंदवतो. ती नोंद फक्त नेमणूक प्रमुखाला दिसते, इतरांना नाही. लोक खरं लिहितात ते या खात्रीमुळेच.

सर्वांत जास्त मेहनत पावसाने करून घेतली. एक मैदान भिजलं की सामने पुढे सरकतात. त्या वेळी सगळं गणित नव्याने सोडवलं तर कागदावर उत्तम उत्तर मिळतं, पण आधी होकार दिलेल्या बहुतेक पंचांच्या नेमणुका बदलतात. ज्याने सुट्टी टाकली, घरी सांगून ठेवलं, त्याला दुसरीकडे पाठवायचं? त्यामुळे जुनी नेमणूक बदलणं हाच मोठा खर्च धरायला आम्ही सॉफ्टवेअरला शिकवलं. आता ते जिथे गरज आहे तेवढंच हलवतं. आमच्या कामातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

होकार-नकाराचंही तसंच. ‘बघतो’, ‘कळवतो’ यावर नेमणूक प्रमुख अडकून राहतो. आम्ही उत्तराला मुदत ठेवली आणि ती टळली की पुढचं नाव सुचवतो. नकाराचं कारण विचारत नाही. पंच बरेचदा नोकरी सांभाळून मैदानावर येतात.

सगळं आपोआप करून द्या, अशी मागणी काही आयोजकांनी केली. आम्ही ती मान्य केली नाही. सॉफ्टवेअर नाव सुचवतं आणि शेजारी कारण दाखवतं: मागच्या आठवड्यात याला एकही सामना नव्हता, मैदान जवळ आहे, दोन्ही संघांशी संबंध नाही. शिक्कामोर्तब माणूस करतो. आपल्याला सामना का मिळाला नाही, असं एखाद्या पंचाने विचारलं तर नेमणूक प्रमुखाला ते कारण उघडून दाखवता येतं.

सध्या नव्या पंचांवर काम चालू आहे. नवशिक्याच्या जोडीला अनुभवी पंच मिळावा, आणि अंतिम सामने दरवेळी त्याच चार नावांकडे जाऊ नयेत, यासाठी प्रत्येकाच्या नेमणुकांचा हंगामभराचा हिशेब पंचांना स्वतःच्या मोबाइलवर पाहता येईल. चाचणी येत्या हंगामात काही संघटनांसोबत करणार आहोत.