वॅलेटा बंदरात एक दिवस : जहाजाची टूर न घेता

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर वॅलेटा लागणार असेल, तर त्या दिवसापुरती जहाजानं आयोजित केलेली शहरदर्शनाची टूर घेऊ नका, असं मी अगदी आग्रहानं सांगेन. रोमसाठी चिवितावेक्कियाला उतरलं की पुढे तासाभराचा रेल्वेप्रवास असतो. तिथे टूर घेणाऱ्यांचं मला पटतं. माल्टाच्या या राजधानीत मात्र जहाज ग्रँड हार्बरमध्ये थेट शहराच्या तटाखाली लागतं आणि सगळं शहर पायी फिरता येतं. जहाज बंदरात शिरत असताना नाश्ता राहू द्या, डेकवर जा. दोन्ही बाजूंचे मधाच्या रंगाचे बुरूज इतक्या जवळून नंतर दिसत नाहीत.

सासूबाई बरोबर होत्या आणि त्यांचे गुडघे दुखरे, त्यामुळे तटाची चढण कशी जमणार हीच काळजी होती. ती बराका लिफ्टनं मिटवली. टर्मिनलबाहेर टॅक्सीवाले आणि घोडागाडीवाले विचारत राहतील. नम्रपणे नाही म्हणा आणि बंदर उजव्या हाताला ठेवून पाण्याकडेच्या रस्त्यानं चालत राहा. दहा-पंधरा मिनिटांत लिफ्ट येते. २०१२ साली सुरू झालेली ही लिफ्ट ५८ मीटर वर, अप्पर बराका बागेत नेऊन सोडते. तिकीट किरकोळ आहे.

वर आल्यावर नजारा बघत रेंगाळायचा मोह होतो, पण आधी सेंट जॉन्स को-कॅथेड्रल गाठा. टूरच्या बसेसची गर्दी तिथे सकाळी उशिरा वाढत जाते. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, खांदे झाकतील असे कपडे घाला आणि टोकदार टाचांची पादत्राणं नकोत, कारण सगळी जमीन म्हणजे नाइट्सच्या, म्हणजे पूर्वी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन संघाच्या धर्मयोद्ध्यांच्या, सुमारे चारशे थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. जहाज रविवारी लागणार असेल तर बेत त्याप्रमाणे बदला.

बाहेरून हे चर्च एखाद्या साध्या गढीसारखं दिसतं आणि आत भिंतभर सोनेरी कोरीवकाम आहे. तरी माझा वेळ गेला तो बाजूच्या दालनात, इटालियन चित्रकार काराव्हाज्योच्या चित्रासमोर. संत जॉनच्या (येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या) शिरच्छेदाचं हे चित्र १६०८ मधलं, पाच मीटरहून रुंद. निम्म्याहून जास्त कॅनव्हास नुसती अंधारी भिंत आहे आणि सगळी माणसं डावीकडे दाटीनं उभी. जॉनच्या मानेतून जमिनीवर सांडलेल्या रक्तातच चित्रकारानं आपली सही केली आहे. खुनाच्या गुन्ह्यामुळे रोममधून पळालेला हा माणूस इथे नाइट झाला आणि त्याच वर्षी त्याला संघातून काढून टाकण्यात आलं, तेही याच दालनात, याच चित्रासमोर. इथे निदान अर्धा तास द्या. टूरवाल्यांना तेवढा वेळ मिळत नाही, हे आम्ही तिथेच बघितलं.

बाराच्या आत बागेत परत या. खालच्या तोफखान्यातून रोज दुपारी बारा आणि चार वाजता तोफ उडवतात, जुन्या ब्रिटिश गणवेशातले गोलंदाज ती ठासतात. कठड्याशी जागा हवी तर पाऊण तास आधी उभं राहावं लागतं. आवाज चांगलाच मोठा असतो, लहान मुलांचे कान झाका.

जेवणासाठी शाकाहारी लोकांनी पास्तिझ्झी शोधावेत. पदरदार पारीत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. गरम, स्वस्त आणि पोटभरीचे. पारीत कधीकधी प्राणिज चरबी असते, तेव्हा विचारून घ्या.

दुपारी बरेच जण बसनं एम्डिनाला जातात. गाव सुंदर आहे, पण जाण्यायेण्यात ट्रॅफिकचा भरवसा नाही. जहाज रात्री सुटणार असेल तरच जा. त्यापेक्षा लिफ्टनं खाली उतरा आणि द्घाइसा या रंगीत लाकडी होडीनं पलीकडच्या बिरगूला जा. होडीवाल्यासाठी सुटे युरो ठेवा. माल्टाला पडलेल्या १५६५ च्या वेढ्यात ऑटोमन (तुर्की) फौजेनं बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मो किल्ला घेतला, पण नाइट्सचं ठाणं असलेलं बिरगू टिकलं. वॅलेटाची पायाभरणी झाली ती त्यानंतर, १५६६ मध्ये. बिरगूच्या गल्ल्या अरुंद आणि सावलीच्या आहेत, दुपारच्या उन्हात त्यांचं मोल कळतं. सासूबाई इथल्या चौकात बाकावर निवांत बसल्या आणि आम्ही सेंट अँजेलो किल्ला बघून आलो.

परतीचं गणित मात्र कडक ठेवा. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. शेवटच्या बोर्डिंगच्या तासभर आधी धक्क्यावर असायचं, असं आम्ही ठरवलं होतं. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ काही मार्गांवर वेगळं असतं, ते उतरण्याआधी ताडून बघा. दैनंदिन पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि जहाजावर परतताच फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावरचं रोमिंग पॅकमध्ये धरलं जाईलच असं नाही आणि बिल भलतंच येतं.

आणि व्हिसा. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. तुमचं जहाज मधे तुर्कस्तान किंवा माँटेनिग्रोला जाऊन पुन्हा शेंगेन देशात येणार असेल, तर भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एन्ट्रीच हवी. अर्ज भरतानाच क्रूझचा पूर्ण मार्ग जोडा.