दारातून पहिला जो उतरेल, आग त्याची

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ जंगलांत वीज पडून लागणाऱ्या कित्येक आगी रस्त्यापासून इतक्या आत असतात की पायी तेथे पोहोचेपर्यंत दिवस मावळतो आणि तेवढ्या वेळात एका झाडाची आग अख्ख्या डोंगराची होऊन बसते. अशा ठिकाणी विमानातून पॅराशूटने उतरून आग लहान असतानाच तिला कोंडणाऱ्यांना येथे स्मोकजंपर म्हणतात. मी मोंटाना राज्यात हे काम करतो आणि सध्या तुकडीप्रमुख आहे. घरचे लोक अजूनही ‘हा आगीत उड्या मारतो’ असेच सगळ्यांना सांगतात. आगीत कोणीही उडी मारत नाही. आगीपासून अंतर राखून असलेले एखादे गवताळ मैदान किंवा झाडांतली मोकळी जागा आधी हेरायची, तेथे उतरायचे आणि मग सामान उचलून आगीकडे चालत जायचे, असा हा प्रकार आहे.

या कामाची सुरुवात 1939 साली वॉशिंग्टन राज्यातील विन्थ्रॉप येथे झालेल्या चाचण्यांतून झाली आणि प्रत्यक्ष वणव्यावरची पहिली उडी 12 जुलै 1940 रोजी आयडाहोतील नेझ पर्स राष्ट्रीय वनात रुफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली या दोघांनी मारली. पुढे वनसेवेचे सात आणि भूमी व्यवस्थापन विभागाचे बॉइसी व फेअरबँक्स येथील दोन असे नऊ तळ उभे राहिले. इकडे येण्याबद्दल विचारणाऱ्या तरुणांसाठी एवढेच सांगतो की ही केंद्र सरकारची नोकरी आहे आणि तिला नागरिकत्व लागते. मी मिझुला येथे वनशास्त्र शिकायला आलो होतो, आणि नागरिकत्व मिळेपर्यंत हे दार माझ्यासाठी बंदच होते.

तुकडीप्रमुख म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर जो साहेब उभा राहतो, तो येथे सापडणार नाही. तळावर एक यादी असते. उडी मारून आलेल्याचे नाव यादीच्या तळाशी जाते आणि बाकीची नावे वर सरकतात. आगीची खबर आली की वरच्या क्रमांकाचे लोक विमानात चढतात, आणि दारातून पहिला जो बाहेर पडतो तो, आवश्यक ती पात्रता त्याच्याकडे असेल तर, त्या आगीचा प्रमुख होतो. पगार कोणाचा जास्त किंवा केस कोणाचे पांढरे याला तेथे महत्त्व नाही. त्यामुळे तळावर ज्यांना मी शिकवतो, ज्यांच्या सरावाची आणि सामानाची जबाबदारी माझ्यावर असते, त्यांच्याच हाताखाली मी कित्येकदा आगीवर काम करतो. आग खरोखरच हाताबाहेर जाऊ लागली तर अधिक पात्रतेच्या माणसाकडे सूत्रे जातात, पण ती कोणाकडे गेली हे रेडिओवरून सर्वांना स्पष्टपणे सांगितले जाते. एका आगीला दोन प्रमुख कधीच नसतात.

विमानात निर्णय घेणारी माणसे दोन. एक स्पॉटर, म्हणजे उडी न मारता दाराशी बसून सर्वांना सुखरूप बाहेर सोडणारा अनुभवी स्मोकजंपर, आणि दुसरा तो होऊ घातलेला प्रमुख. स्पॉटर आधी वजन लावलेल्या क्रेप कागदाच्या लांब रंगीत पट्ट्या खाली सोडतो. त्या वाऱ्याने कोणत्या दिशेला आणि किती वाहत जातात यावरून उडी कोठे सोडायची ते ठरते. जुन्या गोल पॅराशूटने सुमारे 1500 फुटांवरून उडी घ्यायची पद्धत होती. हवा भरून पंखासारख्या ताठ होणाऱ्या चौकोनी पॅराशूटसाठी 3000 फुटांवरून घेतात. अंगात जाड केवलारचा पॅड लावलेला सूट, तोंडावर जाळी असलेले हेल्मेट आणि पायाच्या खिशात लांब पट्टी असते. झाडात अडकलात तर त्या पट्टीच्या आधाराने खाली उतरायचे. सूट जाड आणि विमानाचे दार उघडे, त्यामुळे एकीकडे घाम फुटतो आणि दुसरीकडे थंडी वाजते, आणि तशा अवस्थेत खालच्या उतारावरचा धूर नीट वाचावा लागतो.

गेल्या काही हंगामांतली एक आग सांगतो. आयडाहोतील फ्रँक चर्च अभयारण्यात एका कड्याखाली वीज पडली होती. यादीत माझ्यापेक्षा वर असलेली मुलगी वयाने आणि अनुभवाने माझ्याहून बरीच लहान होती. आगीच्या अगदी वर एक छान मोकळी जागा दिसत होती आणि आमच्यातील बहुतेकांचा डोळा तिच्यावर होता, कारण तेथून आग दहा मिनिटांवर होती. तिने विमानाच्या दोन फेऱ्यांत खाली नीट पाहिले, स्पॉटरच्या कानाशी काहीतरी बोलली आणि ओढ्यापलीकडचे मैदान निवडले, जेथून जड सामानासह तासभर चढण होती. विमानात कोणी काही बोलले नाही, पण नाराजी चेहऱ्यांवर दिसत होती. जमिनीवर उतरल्यावर तिने पहिल्यांदा कारण सांगितले. आग चढावर पळते, दुपारी वारा दरीतून वर येतो, आणि त्या जागेतून आगीखेरीज दुसरीकडे जायला वाट नव्हती. त्या दुपारी वारा आला नाही. आग जागच्या जागी धुमसत राहिली आणि त्या जवळच्या जागेत उतरलो असतो तरी कोणाला काही झाले नसते. असे बहुतेक वेळा होते, म्हणूनच हा निर्णय घेणे अवघड असते. तो बरोबर ठरला याचा पुरावा कोणाच्या हाती लागत नाही, आणि दमलेल्या माणसांच्या नाराजीला मात्र तोंड द्यावे लागते.

खाली उतरल्यावरची कामे कमी रोमांचक आणि जास्त महत्त्वाची. प्रमुख प्रथम आगीभोवती फिरून येतो आणि नियंत्रण कक्षाला आगीचा आकार, काय जळते आहे, उतार किती, वारा कसा आणि आणखी माणसे लागतील का, हे कळवतो. मग चार गोष्टी ठरवल्याशिवाय कुदळ उचलायची नाही: टेहळणीला कोण बसेल, संपर्क कसा राहील, पळायची वाट कोणती आणि पळून जायची सुरक्षित जागा कोणती. या चार गोष्टी वनसेवेच्या वणवा विझवणाऱ्या तुकडीचे प्रमुख राहिलेले पॉल ग्लीसन यांनी 1991 साली सूत्रबद्ध केल्या आणि आज अमेरिकेत वणव्यावर काम करणारा प्रत्येक माणूस त्या पाठ म्हणतो. नंतर एका पक्क्या टोकापासून जाळरेषा काढायला सुरुवात होते, म्हणजे पालापाचोळा, मुळे आणि गवत खरवडून निव्वळ माती उघडी करायची. पुलास्की नावाच्या हत्याराने हे काम होते, ज्याला एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असते. संरक्षित अभयारण्यात यंत्राची करवत सहसा वापरता येत नाही. त्यामुळे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत येथे रोजची आहे.

मेळघाटात वडील वनपाल होते आणि फेब्रुवारी ते जून आमच्या घरात जाळरेषांचीच चर्चा असे. पुलास्की नसला तरी काम तेच होते, आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारे कोरकू मजूर आमच्यापेक्षा कमी कुशल नव्हते. फरक एवढाच की तेथे वाट माहीत असलेला माणूस सोबत असे, आणि येथे आम्ही त्या उतारावर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत असतो.

ओळख नसलेल्या उताराबद्दल बोलायचे तर मोंटानातील मॅन गल्च टाळता येत नाही. 5 ऑगस्ट 1949 रोजी तेथे पंधरा स्मोकजंपर उतरले. रेडिओच्या पॅराशूटने दगा दिला आणि तो जमिनीवर आपटून फुटला, म्हणजे संपर्क तेथेच तुटला. आग दरीतून त्यांच्या अंगावर आली तेव्हा प्रमुख वॅग्नर डॉज यांनी समोरच्या गवताला स्वतः आग लावली, ते जळून गेलेल्या राखेत आडवे झाले आणि सहकाऱ्यांनाही आत बोलावू लागले. कोणीही आत आले नाही. डॉज आणि कड्यावरच्या फटीतून निसटलेले दोघे वाचले; बारा स्मोकजंपर आणि जमिनीवर त्यांना येऊन मिळालेला एक अग्निरक्षक असे तेरा जण गेले. पळताना आपल्या पुढ्यात आग लावणारा प्रमुख वेडा झाला आहे असेच कोणालाही वाटले असते, आणि पुष्कळांनी तसे लिहिलेही आहे. मला मात्र त्या घटनेत वेगळाच मुद्दा दिसतो. ती माणसे आपल्या प्रमुखाला नीट ओळखत नव्हती. ज्याच्याबरोबर काम केले नाही, त्याचा अनपेक्षित हुकूम कोण पाळणार?

म्हणून माझ्या कामाचा खरा हंगाम हिवाळा आणि वसंत ऋतू. त्या काळात आम्ही शिवणकाम करतो. सूट, पाठपिशव्या, सामानाच्या पट्ट्या आम्ही स्वतः शिवतो, आणि पन्नास किलोच्या ओझ्यासह तीन मैल चालणारी धिप्पाड माणसे औद्योगिक शिवणयंत्रावर वाकून टाके घालताना दिसतात. माझ्या आईला हे फोटो सर्वांत जास्त आवडतात. त्या यंत्रांच्या खडखडाटात गप्पा होतात. मागच्या आगीत अमुक ठिकाणी मी तसे का म्हणालो, तू का थांबलास, मला काय दिसले नव्हते. मी जाणीवपूर्वक प्रत्येक निर्णयाचे कारण बोलून दाखवतो आणि नवशिक्यांनाही ‘नाही’ म्हणायची सवय लावतो. नेमून दिलेले काम धोकादायक वाटले तर कारण सांगून ते नाकारायचा अधिकार येथे नियमानेच आहे, पण नियम कागदावर असून चालत नाही. पहिल्यांदा नकार देणाऱ्याकडे प्रमुख कोणत्या नजरेने पाहतो, यावर दुसरा नकार येईल की नाही ते ठरते.

त्या आयडाहोच्या आगीवर तिसऱ्या दिवशी आम्ही राखेवर हात फिरवत होतो. हातमोजा काढून बोटांची पाठ जमिनीजवळ नेत इंचाइंचाने पुढे सरकायचे, आणि ऊब लागली की तेथे उकरून माती कालवायची. मुळांतून आग आठवडाभर चालू राहू शकते, म्हणून हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. प्रमुख तेव्हा एका खोडावर बसून प्रत्येकाचे कामाचे आणि विश्रांतीचे तास लिहीत होती; दोन तास कामामागे एक तास विश्रांती हा दंडक आहे आणि त्याचा हिशेब तिलाच द्यावा लागणार होता. रात्री आढाव्याला सगळे गोल बसलो. काय ठरले होते, काय झाले, का झाले, पुढच्या वेळी काय बदलायचे, हे चार प्रश्न घेतले जातात. सर्वांत नवख्याने सुरुवात केली: पाण्याच्या खोक्यांचे वाटप चुकीचे झाले आणि त्याचा भार दोघांवरच पडला. तिने ते वहीत लिहून घेतले आणि सकाळी निघताना खोकी स्वतः मोजून वाटली.