कॅरव्हानचा जनरेटर ठेवायचा कुठे?

ऑस्ट्रेलियात नव्याने कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, घेतलेली आपली मराठी मंडळी भेटली की ‘जनरेटर कोणता घेऊ’ हा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते हा त्यातल्या त्यात सोपा प्रश्न आहे, कारण साधारण २ केव्हीएचा (ढोबळमानाने २००० वॉटचा) इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे भारानुसार वेग बदलत कमी आवाजात स्थिर वीज देणारा, बहुतेकांना पुरतो आणि तो कुठल्याही कॅम्पिंगच्या दुकानात मिळतो. अवघड आहे ते पुढचे: पेट्रोल भरलेले हे वजनदार यंत्र उन्हातान्हातून हजारो किलोमीटर कुठे ठेवून न्यायचे? हे खरेदीपूर्वीच ठरवलेले बरे, कारण जागा नसेल तर उत्तम जनरेटरही निरुपयोगी ठरतो.

उदाहरणादाखल होंडाचा ईयू२२आय घेऊ. त्याची कमाल क्षमता २२०० वॉट, सलग चालवायची १८०० वॉट, टाकी सुमारे साडेतीन लिटरची आणि वजन पेट्रोलशिवाय २१ किलोच्या घरात. त्याच्या जोडीला २० लिटरचा भरलेला जेरीकॅन (इंधनाचा डबा) घेतला, तर पेट्रोलचेच सुमारे १५ किलो वाढतात. एरवी हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु कॅरव्हानमध्ये सामानासाठी मिळणारी वजनाची मर्यादा अनेकदा जेमतेम ३०० ते ४०० किलो असते आणि त्यातच पिण्याचे पाणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण असे सगळे बसवायचे असते.

त्यातही वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व अधिक. पुढच्या ड्रॉबारवर (कॅरव्हान गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) पेटी बसवून जनरेटर त्यात ठेवला, तर त्याचे जवळजवळ सगळे वजन ओढणाऱ्या गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे कॅरव्हान जिथे अडकवतात त्या गोळ्यावर, येते. मागच्या बंपरवर टांगला, तर उलट टोबॉलवरचा भार घटतो आणि कॅरव्हानच्या शेपटीला वजन येऊन ती डोलू लागण्याची शक्यता वाढते. नल्लारबॉरच्या मैदानातून जाणाऱ्या आयर हायवेवर बॅलाडोनिया ते कायगुना असा सुमारे १४६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला पट्टा आहे. तेथे समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा अजस्र ट्रक) आली की तिच्या हवेचा धक्का कॅरव्हानला बसतो आणि शेपटीकडचे वजन तेव्हा नको तितके जाणवते. म्हणून मागच्या बंपरवर जनरेटर टांगण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, मग त्याचे स्टँड कितीही भक्कम असो. यूट (ऑस्ट्रेलियातली पिकअप गाडी) असेल तर तिचा मागचा उघडा हौदा ही सर्वांत चांगली जागा. नसेल, तर ड्रॉबारवरची, हवा खेळती राहील अशी झडपांची पेटी. मात्र एलपीजीचे सिलिंडरही बहुधा ड्रॉबारवरच असतात. त्यामुळे पेटी त्यांच्यापासून वेगळी असावी आणि जनरेटर तिथल्या तिथे कधीही चालू करू नये.

कॅरव्हानच्या आत, पलंगाखाली किंवा स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी जनरेटर ठेवणारेही पाहिले आहेत. टाकी रिकामी आहे असे ते सांगतात. पण रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि बंद कॅरव्हान उन्हात तापली की ती बाहेर येते. टाकीच्या झाकणावर एक छोटी खिट्टी असते. प्रवासात ती बंद ठेवायची आणि चालू करण्यापूर्वी उघडायची. ती उघडायची राहिली, तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि यंत्र काही वेळ व्यवस्थित चालून गपकन बंद पडते. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो. जेरीकॅन भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका टळतो, आणि तो गळ्यापर्यंत भरू नये, कारण उन्हात पेट्रोल फुगते. शिवाय ओढणारी गाडी बहुधा डिझेलची आणि जनरेटर पेट्रोलचा, म्हणजे दोन इंधनांचा हिशेब ठेवणे आलेच.

आता चालवण्याविषयी. सर्वांत गंभीर बाब कार्बन मोनॉक्साइडची. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे जनरेटर कॅरव्हानपासून निदान सहा मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि धुराचे तोंड माणसांपासून वळवून ठेवावा. ‘माणसांपासून’ यात शेजारच्या कॅरव्हानमधली माणसेही आली. पाऊस आला म्हणून त्याला ऑनिंगखाली (कॅरव्हानच्या बाजूला पसरायच्या छपराखाली) ओढून घेणे हा सर्वांत घातक मोह आहे. पावसात त्याला वरून झाकण आणि चारी बाजूंनी मोकळी हवा हवी; ते जमत नसेल तर त्या दिवशी तो बंद राहू द्यावा. कॅरव्हानमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला असावाच. जागा सपाटही पाहावी, कारण उतारावर ऑइलची पातळी एका बाजूला सरकते आणि ऑइल कमी असल्याची सूचना देऊन यंत्र स्वतःहून बंद होते.

बहुतेक जनरेटरवर १२ व्होल्टचा एक सॉकेट असतो आणि त्याने कॅरव्हानची बॅटरी थेट चार्ज करावी असे अनेकांना वाटते. वर उल्लेखलेल्या प्रकारच्या यंत्रात तो साधारण ८ अँपिअर देतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल, तर या वेगाने ५० अँपिअर-तास भरायला सहा तासांहून अधिक लागतील, तेही चार्जिंगवर नियंत्रण नसताना. त्याऐवजी २४० व्होल्टची मोठी वायर कॅरव्हानला जोडून तिच्यातला २५ अँपिअरचा चार्जर चालवला, तर हेच काम दोन तासांच्या आसपास आटोपते. बॅटरी लेड-ॲसिडची असेल, तर शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. तो सोलर पॅनलवर सोपवून जनरेटर बंद करावा. सकाळी न्याहारीनंतर तासभर, पूर्ण चार्जरवर, आणि मग दिवसभर शांतता, हा क्रम मला सर्वांत पटतो.

एसीचे गणित मात्र वेगळे. छतावरचा एसी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज मागतो. इको मोड (भार कमी असताना इंजिनचा वेग कमी ठेवणारी सोय) चालू असेल, तर यंत्राला वेग धरायला वेळ मिळत नाही आणि ते ओव्हरलोड दाखवून वीज तोडते. म्हणून एसी लावताना इको मोड बंद करावा, किंवा एसीला सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाची विजेची मागणी कमी करणारे उपकरण) बसवून घ्यावा. तरीही पूर्ण भारावर भरलेली टाकी तीन तासांच्या आसपास पुरते. रात्रभर एसी हवाच असेल, तर वीज असलेल्या कॅरव्हान पार्कमध्ये मुक्काम करणे शहाणपणाचे आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही बरे. कॅरव्हानचा प्लग १५ अँपिअरचा असून त्याची अर्थिंगची पिन रुंद असते. घरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून ती कानशीने घासणारे बहाद्दर आहेत. वायर तापून वितळते ती अशानेच.

आवाजाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. आपल्याकडे वरातीमागून ढकलला जाणारा जनरेटर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना इन्व्हर्टर जनरेटर म्हणजे कुजबुज वाटेल. पण निर्मनुष्य माळरानावर ती कुजबुजही दूरवर जाते. अनेक राष्ट्रीय उद्यानांत जनरेटरला बंदी आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानामधील काही कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरवाल्यांसाठी वेगळा भाग राखलेला आहे, आणि ही व्यवस्था मला अत्यंत न्याय्य वाटते. मुक्कामाची जागा ठरवतानाच तिथला नियम पाहून घ्यावा.

सहल संपल्यावर जनरेटर गॅरेजमध्ये तसाच ढकलून दिला, तर कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल सुकून डिंकासारखा थर धरते आणि पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोलही काढून टाकावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असेल, तर हे मुळीच टाळू नये. नव्या यंत्राचे ऑइल पहिल्या २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे लागते. ऑइल अर्ध्या लिटरहूनही कमी लागते, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. सहली वरचेवर होत असतील आणि टाकी रिकामी करणे सोयीचे नसेल, तर महिन्यातून एकदा ताज्या पेट्रोलवर दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालवावे, पण नुसते नव्हे, भार देऊन. त्यासाठी घरातला हजार वॉटचा हीटर अंगणात आणून लावला तरी काम भागते.