शेगलाचा पाला, सुका जवळा आणि गडग्यावरच्या उड्या

लहान मुलांच्या हाडांचा विषय आपल्याकडे दुधाच्या पेल्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. पोर दूध पीत नाही म्हणून आई हवालदिल, मग त्यात चॉकलेटची पावडर, मग ती संपली की रडारड. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे हे सगळं तोंडपाठ आहे. आता मालवणजवळ आचऱ्याला घरी असते आणि चार वर्षांचा नातू माझ्या ताब्यात आहे.

त्याच्या वयाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) २०२० चा तक्ता सांगतो. तीनेकशे मिली दूध पोटात गेलं की साडेतीनशेच्या आसपास तिथेच होतात. उरलेल्या दोनशेसाठी पावडरीचा डबा कशाला? आमच्या परसात आणि बाजारात ते पडलेलं आहे.

नाचणीच घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण आपण सत्त्व काढतो कसं? भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि चोथा गाईला. नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम वरच्या तांबड्या सालीत असतं, म्हणजे गाय धष्टपुष्ट. सहा-सात महिन्यांच्या बाळाला गाळून द्या, माझी ना नाही. पण चार वर्षांच्या दांडग्याला सालीसकट पिठाची भाकरी नाहीतर घावणे द्यावेत. मोड मात्र जरूर आणावेत. सालीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं. मोड आले की त्याची पकड सैल होते.

शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची आठवण आम्हाला गोकुळाष्टमीलाच होते, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांबरोबर. एरवी झाड दारात उभं आणि आपण बाजारातून पालक आणतो. पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या द्रव्यामुळे अंगी फारसं लागत नाही. आणि मासे म्हणाल तर हाडांसाठी पापलेटापेक्षा मांदेली बरी. पापलेटाचा काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो, कडकडीत तळलेली मांदेली काट्यासकट चावून खाता येते. पोराला देताना मी मधला काटा आधी दोन बोटांत चुरून बघते. चुरला तरच त्याच्या ताटात. सुका जवळा तर कवचासकटच पोटात जातो. भाजून, ओलं खोबरं घालून किसमूर केलं की नातू पेजेबरोबर बोटं चाटत खातो. खारवलेल्या बांगड्याला मात्र माझ्याकडून नकार. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं.

आता दुसरी बाजू, जी दवाखान्यात आम्हीही क्वचितच सांगायचो. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये बॉनी स्पेकर आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर वर्षभराचा प्रयोग केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास उड्या-धावाधाव, बाकीच्यांना तेवढाच वेळ बसून चित्रं-हस्तकला. दोन्हीकडच्या काहींना कॅल्शियमच्या गोळ्या, काहींना नुसत्याच दिखाऊ. गोळी घेऊन उड्या मारणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची कठीण भिंत बसणाऱ्यांपेक्षा जाड निघाली. आणि दिखाऊ गोळीवाल्यांत? तिथे उड्या मारणाऱ्यांचीच भिंत बसणाऱ्यांपेक्षा पातळ. मी हे दोनदा वाचलं. नुसतं पळवून भागत नाही आणि नुसतं भरवूनही नाही. (म्हणून उद्या दुकानातून गोळ्या आणू नका. ते डॉक्टर बघतील.)

उडी मारून पाय टेकले की हाड किंचित, अगदी नजरेला न कळेल इतकं वाकतं. आतल्या बारीक नळ्यांतलं पाणी हलतं, पेशींना ते कळतं आणि त्या ताणाच्या जागी नवं हाड घालायला लावतात. एकसारखा ताण देत राहिलं तर या पेशी कंटाळतात. थोडं थांबून पुन्हा दिलं की परत जाग्या होतात. पोरं तरी दुसरं काय करतात? चार उड्या, मग मुंग्या बघणं, मग परत चार उड्या. आमच्या खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत आहे, नातवाच्या कमरेएवढी. तो तिच्यावरून मातीत उडी मारतो, ढोपरं झाडतो आणि परत चढतो. आजोबा ओटीवरून ओरडतात, ‘‘गो, तेका खाली घे, पाय मोडतलो!’’ अहो, पाय मोडू नये म्हणूनच चाललंय ते.

तालुक्याच्या एका बालवाडीत मुलांना तीन तास रंगवायला बसवतात आणि पालक वह्या बघून खूश. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तीन तास हालचाल सांगितली, त्यातला एक तास चांगली दमछाक होईल अशी. तिथल्या बाईंना सांगून बघितलं. हसल्या.

उन्हाचं म्हणाल तर सकाळच्या कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, हातपाय उघडे ठेवून, थोडाच वेळ. कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जायला हे जीवनसत्त्व हवंच. तीन वर्षांपुढेही पाय धनुकलीसारखे वाकडे असतील, मनगटं रुंद दिसत असतील तर मुडदुसाची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावं. तेल चोळत बसू नये.

पावसात पंचाईत होते. जूनपासून ऊन नाही, जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्या बंद, ताजी मासळी थोडी. तेव्हा अंड्याचा बलक आणि कधी गळाला लागलेलं काहीबाही. खेळ पडवीत: लंगडी, बेडूकउड्या, तांदळाच्या रिकाम्या पोत्यावरून पलीकडे. धप्‌धप् आवाजाने आजोबांची दुपारची झोप उडते. त्यावर माझ्याकडे औषध नाही.