पोराला पुण्याला न्यावं का?

"मॅडम, पोराला पुण्याला न्यावं का? इथं कोण बघणार?" सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळांमध्ये मी समुपदेशनाचं काम करते. त्यामुळे पालकसभा संपल्यावर, भाजी घेताना, रात्री फोनवर हा प्रश्न येतच असतो. विचारणाऱ्याच्या घरात काहीतरी भयंकर होऊन गेलेलं असतं. मुलाच्या डोळ्यांदेखत अपघात झालेला असतो, बाप आईला रोज मारत असतो, नाहीतर ओळखीच्याच कुणीतरी पोरीच्या अंगाला हात लावलेला असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बहुतेक मुलांना पुण्याला न्यायची गरज नसते. त्यांना हवं असतं हे काम शिकलेलं एक माणूस, घराजवळ, दर आठवड्याला, न चुकता. आणि नेमकं तेच मिळत नाही.

घटना ताजी असताना झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, आईला क्षणभर न सोडणं हे व्हायचंच. घरात धोका उरला नसेल आणि शाळा, जेवण, झोप वेळेवर सुरू झाली, तर पुष्कळ मुलं महिन्याभरात सावरतात. त्या दिवसांत 'काय बघितलंस, सांग' म्हणून खोदून विचारू नका. झोपेच्या गोळ्यांचा आग्रहही धरू नका. या पहिल्या महिन्यात मुलांना बेंझोडायझेपिन गटातली (झोप आणणारी, मन शांत करणारी) औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पण महिना उलटूनही मूल दचकून उठत असेल, त्या रस्त्यानं जायला नकार देत असेल, तर 'लहान आहे, विसरंल' म्हणत बसू नका.

अशा मुलांसाठी सगळ्यात जास्त तपासून पाहिलेला उपचार म्हणजे टीएफ-सीबीटी, मनावर बसलेला आघात बोलून, शिकून हलका करायची एक पद्धत. साधारण 12 ते 16 बैठका लागतात. आधी श्वास आणि अंग सैल सोडायला शिकवतात, मग मनात काय चाललंय त्याला नाव द्यायला. भीती थोडी आटोक्यात आली की मूल घडलेलं स्वतः सांगतं, जरा जरा करून, आणि शेवटी ते आईवडिलांसमोर मांडतं. पालकांच्या वेगळ्या बैठकाही यातच येतात.

एका मुलानं वडिलांचा अपघात पाहिला होता. ट्रकचं चित्र काढायला बसला की चाकंच काढायचा, पेन्सिलीनं घासून घासून काळी करायचा, कागद फाटेपर्यंत. सांगायला लागला तेव्हा सकाळचा डबा, गाडीवर पुढं बसणं, पेट्रोल पंप, सगळं शाळेतल्या मराठीत सांगितलं. ट्रक आला तिथं एकदम तेलुगूत गेला. घरी तीच भाषा. मला ती येते म्हणून काम पुढं सरकलं. पुण्यातला कितीही नावाजलेला डॉक्टर इथं काय करणार होता?

त्याची आई विड्या वळते. मजुरी हजारावर मिळते, म्हणजे दुपार बैठकीत गेली की तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे कमी. वर रिक्षाभाडं. ती चार वेळा आली नाही तर आपण 'पालकांना काळजी नाही' असं लिहून मोकळे होतो. मला याचा फार राग येतो. बैठक तिच्या गल्लीत, माल देऊन झाल्यावर ठेवली तर ती येते.

हे जमण्यासारखं आहे. झांबियातल्या लुसाका शहरात तज्ज्ञ नव्हते, म्हणून वस्तीतल्याच साध्या माणसांना हा उपचार शिकवला आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवली. मुलांची लक्षणं लक्षणीय कमी झाली. 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या शिकलेल्या मुली घरोघरी आहेत. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, पगार द्या, आणि सिव्हिलच्या मानसोपचार तज्ज्ञांनी दर आठवड्याला त्यांच्यासोबत बसावं. ही काही मेहेरबानी नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 मुलांसाठीच्या सेवांचं नाव घेऊन सांगतं, आणि उपचारासाठी कुणाला लांबचा प्रवास करावा लागू नये असंही म्हणतं.

तोवर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण तातडीचे उपचार एफआयआरसाठी अडवता येत नाहीत. कुणी अडवलं तर तिथंच भांडा. समुपदेशकाकडे गेलात की विचारा, टीएफ-सीबीटी शिकलात का, किती आठवडे चालेल, मला आत घेणार का. आणि वेळ तुमच्या कामाच्या हिशोबानं मागा. मागितली की बऱ्याचदा मिळते, हे मी पाहिलंय.